पन्नाशीला हॉर्मोन ‘बॅलन्स’ करून घ्यायचे, म्हणजे नक्की काय करायचं?

रानजाई (धागाकर्ती)

मागच्या मंगळवारी रात्री अडीच वाजता मी फ्रीजचं दार सताड उघडून त्याच्यापुढे पाट टाकून बसले होते. नवरा पाणी प्यायला उठला, त्याला वाटलं श्रीखंड चोरून खातेय. वय ४९. पाळी गेल्या वर्षापासून मनाला येईल तेव्हा येते, मनाला येईल तेव्हा दांडी मारते. मानेच्या मागून एक वाफ निघते, चेहऱ्यापर्यंत चढते, गाऊन भिजतो आणि पाच मिनिटांनी थंडी वाजून परत गोधडी शोधायची. रात्रीतून तीनदा तरी.

मैत्रिणीच्या आग्रहाखातर आमच्या शहरातल्या एका ‘हॉर्मोन बॅलन्स’ क्लिनिकात जाऊन आले. नाव घेत नाही, हल्ली गल्लोगल्ली अशी दुकानं निघाली आहेत. आधी काकडी घातलेलं पाणी, मग गोड बोलणारी काउन्सेलर, डॉक्टरांचं दर्शन शेवटच्या सात मिनिटांत. ३४ तपासण्यांचे साडेचौदा हजार आधीच घेतलेले. रंगीत रिपोर्टवर प्रत्येक हॉर्मोनपुढे एक हिरवा पट्टा, तो म्हणे ‘ऑप्टिमल’. माझे ठिपके बहुतेक लाल. मी विचारलं, हा हिरवा पट्टा कुणाचा? तर म्हणे, "पंचविशीतल्या निरोगी स्त्रीचा, मॅम." म्हणजे मी पंचवीस वर्षांची राहिले नाही हे कळायला मी साडेचौदा हजार मोजले! पुढचं सहा महिन्यांचं पॅकेज १ लाख १८ हजार, हप्त्यांची सोय आहे. त्यात कातडीखाली बसवायची हॉर्मोनची गोळी, डीएचईए (आणखी एक हॉर्मोन), ‘ॲड्रिनल सपोर्ट’ आणि काय काय.

घरी येऊन वाचत सुटले. माझं मत मांडते, खुशाल झोडपा.

‘संतुलन’ हा शब्दच फसवा आहे. ऐकला की डोळ्यांपुढे तराजू येतो, हलक्या पारड्यात चिमूटभर टाकलं की काम झालं. हॉर्मोनचं तसं नसतं. कॉर्टिसॉल सकाळी चढतं, रात्री उतरतं. इस्ट्रोजेन महिनाभर वरखाली होत राहतं. पाळी जायच्या काळात तर एफएसएच (अंडाशयांना चालना देणारं हॉर्मोन) आज एक आणि पंधरा दिवसांनी भलतंच. म्हणूनच ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांबद्दल सूचना देणाऱ्या संस्थेने २०१५ सालीच सांगून ठेवलंय, की पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईला ही लक्षणं असतील तर निदानासाठी हॉर्मोनची तपासणी लागत नाही. वय आणि तक्रार, दोन्ही ती बाई तोंडाने सांगू शकते. फुकट.

आणि हा धंदा नवा नाही. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राऊन-सेकार नावाच्या बहात्तर वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि भर सभेत सांगितलं, की मी आता जिने जवळजवळ धावत चढतो. ‘हॉर्मोन’ हा शब्द स्टार्लिंगने वापरला तो १९०५ मध्ये. म्हणजे वस्तूला नाव मिळायच्या सोळा वर्षं आधी तिची विक्री सुरू! १९२० च्या दशकात वोरोनॉफ श्रीमंत म्हाताऱ्यांना माकडाच्या वृषणाच्या चकत्या शिवत होता. १९९० साली अमेरिकेत साठी ओलांडलेल्या अवघ्या १२ पुरुषांना सहा महिने ग्रोथ हॉर्मोन दिलं, चरबी घटली, स्नायू थोडे वाढले, आणि तेवढ्या टेकूवर ‘अँटी-एजिंग’चा अख्खा बाजार उभा राहिला. गंमत अशी, की इक्वेडोरमध्ये लॅरॉन सिंड्रोमची माणसं आहेत, त्यांच्या शरीरावर ग्रोथ हॉर्मोन चालतच नाही. उंची साडेतीन-चार फूट. त्यांच्यात कॅन्सर आणि मधुमेह जवळजवळ दिसत नाहीत!

तेव्हा वयाबरोबर हॉर्मोन उतरणं हा बिघाड नाही, असं माझं म्हणणं. आमच्या आजीने कुठले हॉर्मोन बॅलन्स केले होते? पाळी गेली, "सुटले गं बाई" म्हणाली आणि ८६ वर्षं जगली.


खडूस काका

फ्रीज उघडा ठेवल्याने वीजबिलाचं संतुलन बिघडतं. त्यावर पॅकेज आहे का? (ह.घ्या.)


गवतीचहा

काका, तुम्हाला एकदाच, फक्त एकदाच, भर लग्नात पैठणी नेसलेली असताना वाफ यायला हवी. मग बोलू.

रानजाई, क्लिनिकचं सगळं पटलं. शेवटच्या ओळीने मात्र डोक्यात सणक गेली. आजी ८६ वर्षं जगली हे ठीक, शेवटची दहा कशी गेली तेही सांगा ना. माझी आजी ८१ ची होऊन गेली. बहात्तराव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. पुढची नऊ वर्षं माजघरातल्या खाटेवर, खिडकीतून पेरूचं झाड दिसायचं तेवढंच जग. त्याआधीच पाठीला इतका बाक आला होता, की समोरच्याशी बोलताना मान वाकडी करून वर बघायची. सगळे म्हणायचे, वय झालं. पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं सगळ्यात वेगाने झिजतात, कारण त्यांना धरून ठेवणारं इस्ट्रोजेन गेलेलं असतं. ती ‘सुटले’ म्हणाली खरी, हाडांना कुणी विचारलं होतं?

आता माझं. मी गणित शिकवते. चार वर्षांपूर्वी आठवी ‘ब’च्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी होते, खडू हातात, आणि ‘समद्विभुज’ हा शब्द आठवेना. अठ्ठावीस वर्षं शिकवलेला शब्द. पाठीवरून घामाचे ओघळ, मागे पोरांची खुसखुस. पाठ न वळवता मी आकृतीच काढली आणि घंटा होईपर्यंत बोललेच नाही. त्या आठवड्यात राजीनाम्याचा कागद लिहून पर्समध्ये ठेवला होता. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी इस्ट्रॅडिऑलचं जेल दंडाला लावायला दिलं आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. पाचव्या आठवड्यात मी रात्रभर झोपले. राजीनामा अजून पर्समध्ये आहे, मागच्या बाजूला किराण्याची यादी केलीय.

तुम्ही १८८९ चा अर्क सांगितलात आणि २००२ गाळलंत. अमेरिकेत डब्ल्यूएचआय नावाचा मोठा अभ्यास चालू होता. त्यातल्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या गटात १६,६०८ बायका. जुलै २००२ मध्ये तो मधेच थांबवला आणि जगभर मथळे, की स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो. खरे आकडे काय होते? औषध न घेणाऱ्या दहा हजार बायकांत वर्षाला ३०, घेणाऱ्यांत ३८. आठ जणी जास्त. आठ म्हणजे शून्य नव्हे, कबूल. पण त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३! गाभण घोडीच्या मुतातून काढलेलं इस्ट्रोजेन, तेही तोंडावाटे, जोडीला कृत्रिम प्रोजेस्टिन. पन्नाशीतल्या बायका त्यात जेमतेम एक तृतीयांश, आणि दंडावरच्या जेलचा तर तिथे पत्ताच नव्हता. पण डॉक्टरांनी हात आखडले, आणि एका अख्ख्या पिढीच्या बायकांना "सोसा" म्हणून घरी पाठवलं. माझी मोठी बहीण त्यातलीच. ती सोसलं म्हणते, मी म्हणते तिची दहा वर्षं वाया घालवली.


रानजाई

आजीच्या वाक्याबद्दल कान पकडले. खरं सांगायचं तर शेवटची पाचसहा वर्षं तिला उठवायला दोघं लागायचे, ते मी सोयीस्कर गाळलं.

पण ताई, अभ्यास एकच वाचायचा तर सगळा वाचू. त्याच दहा हजारांत पक्षाघाताच्या ८ केसेस जास्त, फुप्फुसात गुठळी जाण्याच्या ८ जास्त, हृदयाच्या ७ जास्त. खुब्याचं हाड मोडण्याच्या फक्त ५ कमी. तुमची लक्षणं होती, औषध घेतलं, गुण आला, उत्तम! माझा वाद त्याच्याशी नाहीच. ‘लक्षणांवर औषध’ आणि ‘निरोगी म्हातारपणासाठी हॉर्मोन’ ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. पहिलीला डॉक्टर लागतो, दुसरीला काउन्सेलर. अमेरिकेच्याच प्रतिबंधक सेवांच्या कार्यदलाने २०२२ मध्ये पुन्हा सांगितलंय, की पाळी गेल्यानंतर दीर्घकाळचे आजार टाळण्यासाठी म्हणून हॉर्मोन देऊ नका.


गवतीचहा

आणि २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्याच औषध नियामक एफडीएने या औषधांवरची ती काळ्या चौकटीतली धोक्याची सूचना काढायचं जाहीर केलं, ते? तेवीस वर्षं बायकांना भिववून झाल्यावर?


स्टेथो

दोन्ही बाजूंनी निम्मंनिम्मं बरोबर चाललंय, म्हणून मध्ये पडतो. (एमडी मेडिसिन, तालुक्याच्या गावी सोळा वर्षं.)

गवतीचहा, ती चौकट काढली म्हणजे हॉर्मोन हृदयविकार टाळतं असं सिद्ध झालं नाही. धोका कुठल्या वयाला, कुठल्या प्रकाराने, हे वेगळं करून सांगायला हवं होतं, ते आधी सरसकट एकाच मापाने मोजलं होतं. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केलं तर हिशेब बराच बाईच्या बाजूने झुकतो. जेल किंवा पॅचने गुठळीचा धोका गोळीसारखा वाढताना दिसत नाही. पण चौकटीतली एक गोष्ट तशीच ठेवली आहे. गर्भाशय असलेल्या बाईने नुसतं इस्ट्रोजेन घेऊ नये, अस्तराचा कॅन्सर होतो. हे १९७५ पासून माहीत आहे. रात्रीची ती कॅप्सूल झोपेसाठी नाही, त्यासाठी आहे. माझ्याकडे येणाऱ्या दोघींनी ‘कॅप्सूलने गरगरतं’ म्हणून परस्पर सोडली होती आणि जेल चालू ठेवलं होतं.

रानजाई, त्वचेखालच्या गोळीला नाही म्हणालात ते फार बरं केलंत. एकदा आत गेली की डोस जास्त झाला तरी बाहेर काढता येत नाही, महिनेच्या महिने पाझरत बसते. डीएचईए म्हाताऱ्यांना दोन वर्षं देऊन अमेरिकेत मेयो क्लिनिकने बघितलंय, २००६ ची गोष्ट, ताकदीत काही फरक पडला नाही.

मला जास्त काळजी आहे ती पॅकेजवाल्यांपेक्षा आपल्या रोजच्या दोन सवयींची. पहिली, थायरॉइडची बाटली. सत्तरीच्या माणसाचा टीएसएच (थायरॉइडला हुकूम देणारं हॉर्मोन) जरा वाढून ६ आला की गोळी सुरू, मग मरेपर्यंत. वयाबरोबर टीएसएच जरा वर सरकतोच. युरोपातला ट्रस्ट अभ्यास, २०१७, पासष्टीवरची ७३७ माणसं, टीएसएच किंचित वाढलेला; वर्षभर गोळी देऊन थकव्यात कणभर फरक नाही. आणि जास्त डोस गेला तर छातीत धडधड, हाडं ठिसूळ. दुसरी, ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी. ते मुळात हॉर्मोनसारखंच काम करतं. आठ आठवडे घ्या म्हणून लिहून दिलेली पुडी लोक तीन तीन वर्षं दर रविवारी दुधातून घेतात. एक आजोबा उलट्या आणि भ्रम होतो म्हणून आणले, रक्तातलं कॅल्शियम १४, म्हणजे खूपच जास्त. पुडी नातू न चुकता द्यायचा, बिचारा.


कोयंडा

पुरुषांचा कुणी विचार करणार की नाही?

मी ५२. दोन वर्षांपूर्वी थकवा, कशातच रस नाही, दाढी महिना महिना वाढत नव्हती. बायको आधी चिडली, मग घाबरली. तीन डॉक्टरांनी सांगितलं, वय आहे, चालायला जा. एकाने तर खांद्यावर थोपटलं. रानजाई, तुमचा ‘उतरणं हा बिघाड नाही’ हा सिद्धान्त मी वर्षभर भोगलाय. चौथ्या डॉक्टरने सकाळी आठला रक्त घेतलं, पंधरा दिवसांनी परत घेतलं, कारण एका तपासणीवर ठरवायचं नसतं म्हणे. टेस्टोस्टेरॉन दोन्ही वेळा दोनशेच्या खाली. तेवढ्यावर इंजेक्शन न देता त्याने प्रोलॅक्टिन हे दुसरं हॉर्मोन बघितलं, ते अफाट. एमआरआयमध्ये मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत वाटाण्याएवढी गाठ. साधी होती, गोळ्यांनी आक्रसली, टेस्टोस्टेरॉन आपसूक वर आलं. ‘वय झालं’ हेही एक पॅकेजच आहे, फक्त फुकट मिळतं.


खडूस काका

हे मात्र बिनतोड. मस्करी मागे घेतो. गेल्या वर्षी जिममधल्या ट्रेनरने मला (वय ६१) ‘सर, तुमचं टी लो असणार’ म्हणून इंजेक्शन सुचवलं होतं. घेतलं नाही, पण मनात होतं. त्यात वाईट काय?


स्टेथो

काका, बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर स्वतःचं बंद करतं. मालाचा पुरवठा फुकट होतोय म्हटल्यावर कारखाना कशाला चालवेल? वृषणं आक्रसतात, रक्त दाट होतं. २०२३ मध्ये ट्रॅव्हर्स अभ्यास आला, ५,२०० वर पुरुष, सगळे टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असलेले आणि हृदयाचा धोका असलेले. हार्ट ॲटॅक वाढले नाहीत, पण हृदयाची अनियमित लय आणि फुप्फुसातल्या गुठळ्या वाढल्या. हाडं मजबूत होतील अशी सगळ्यांची खात्री होती, तर फ्रॅक्चर उलट जास्त! साठीच्या सुटलेल्या पोटाच्या माणसात टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं त्याला बरेचदा पोटच कारण असतं. आठदहा किलो उतरले, घोरणं थांबलं, की आकडा वर येतो. ट्रेनरला त्याचे पैसे मिळत नाहीत, हा भाग वेगळा.


हिरडा_बेहडा

वैद्य आहे, म्हणून शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. म्हातारपणावर काही करायचं नाही असं आपल्या परंपरेत कुणी म्हटलेलं नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत ‘जरा’, म्हणजे म्हातारपण, हे स्वतंत्र अंग आहे. पण त्यावरचं औषध, म्हणजे रसायन, कधी द्यायचं? तारुण्यात किंवा मध्यम वयात, तेही आधी शोधन (शरीरशुद्धी) करून. सत्तरीत डबा उघडून चमचाभर खाल्लं की तरुण, असं ग्रंथात नाही. शतावरी, दूध-तूप, अभ्यंग, वेळेवर झोप याने पाळी जाण्याचा काळ सुसह्य होतो हे मी रोज बघतो. सगळ्यालाच जेल कशाला?


गवतीचहा

वैद्यबुवा, अभ्यंग मीही करते, छान वाटतं. पण तिळाच्या तेलाने ‘समद्विभुज’ परत आला नसता.


स्टेथो

वैद्यबुवा, एक विनंती. अश्वगंधा घेणाऱ्या पेशंटला थायरॉइडची गोळी चालू आहे का, एवढं विचारत जा. अश्वगंधेने थायरॉइडचं प्रमाण वाढू शकतं. डेन्मार्कने २०२३ मध्ये थायरॉइड आणि लैंगिक हॉर्मोनांवर परिणाम होतो म्हणून बंदीच घातली. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी असेल, तर त्याने गुण तरी कसा येईल?


हिरडा_बेहडा

विचारतो. जाहिरात बघून ऑनलाइन मागवणारे मला विचारत नाहीत, तुम्हालाही नाही. डेन्मार्कचं बंदी प्रकरण टोकाचं वाटतं, पण त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.


टेम्सकाठी

इंग्लंडातून. इथे दुसरं टोक. २०२२ मध्ये मागणी इतकी वाढली की जेलचा तुटवडा पडला, सरकारने त्यासाठी खास अधिकारी नेमली. आमच्या भिशीच्या ग्रुपवर ‘अमुक केमिस्टकडे दोन बाटल्या आहेत’ असे मेसेज, करोनात ऑक्सिजनचे यायचे तसे. कंपनीत मेनोपॉज पॉलिसी आहे, टेबलावर पंखा मिळतो. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पंख्याला पॉलिसी कशाला लागते?"


मुक्कामपोस्ट

दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत. बीड जिल्ह्यात बायकांच्या आरोग्याचं काम करते.

तुमच्याकडे वाद आहे हॉर्मोन घालायचे की नाही. आमच्याकडे काही जणींचे ते तिशीच्या आत काढून टाकलेत. २०१९ मध्ये बातम्या आल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तेव्हा झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी (गर्भाशय) काढलेली निघाली. सहात एक. का, तर नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, उचल (मुकादमाकडून आगाऊ रक्कम) आधीच घेतलेली, एका दिवसाचा खाडा झाला की पैसे कापले जातात. फडात आडोसा नाही, पाणी नाही. अंगावरून जातंय म्हणून कुठल्यातरी खाजगी दवाखान्यात गेलं की "पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल." पाळीच नको म्हटल्यावर खाडाही नाही. तुमचं पॅकेज लाखाचं, यांचं व्याजाने काढलेल्या पैशांचं.

माझ्या ओळखीची एक बाई आहे, वय ३४. सत्ताविसाव्या वर्षी ऑपरेशन. मागच्या महिन्यात कंबर धरून आली. दवाखान्याचे कागद कॅरीबॅगमध्ये, रेशनकार्डाबरोबर घडी घालून ठेवलेले. मी वाचले. पिशवीबरोबर दोन्ही बाजूंची अंडाशयं काढली होती. इंग्रजीत लिहिलेलं, तिला सात वर्षं पत्ता नाही. वाफा येतात त्याला ती उन्हाचं समजत होती. "थंडीत पन येतात म्हनून जरा नवल वाटायचं," म्हणाली. हिचं ‘निरोगी म्हातारपण’ कुठून मोजायचं? पन्नाशीपासून की सत्ताविशीपासून?


रानजाई

काय लिहू. ‘हॉर्मोन उतरणं हा बिघाड नाही’ हे माझं वाक्य ४९ ला खरं होतं. सत्ताविसाव्या वर्षी ते उतरले नाहीत, कापून काढले.


गवतीचहा

४९ लाही नेहमी खरं नाही. पण आज भांडत नाही.


स्टेथो

मुक्कामपोस्ट, हे नीट वाचा आणि तिला घेऊन जाल तिथे दाखवा. चाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं गेली असतील, तर इस्ट्रोजेन देणं ही चैन नाही. शरीराला पन्नाशीपर्यंत जे मिळायचंच होतं, ते परत देणं आहे. काही अडचण नसेल तर साधारण पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत द्यावं असंच सगळ्या मार्गदर्शक सूचना सांगतात. नाही दिलं तर हाडं आणि हृदय दोन्ही वेळेआधी म्हातारी होतात. वर जी भीती चर्चेत आली ती हिला लावू नका. पिशवीच नसल्याने हिला प्रोजेस्टेरॉन लागत नाही, नुसतं इस्ट्रोजेन चालतं. डब्ल्यूएचआयच्या नुसत्या इस्ट्रोजेनच्या गटात स्तनाचा कॅन्सर वाढला नव्हता, आणि त्या बायका हिच्यापेक्षा तीस वर्षांनी मोठ्या होत्या.

आधी बीपी, साखर, स्तनांची तपासणी, पायात किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली होती का हे विचारून घ्या. यकृताचा आजार असेल तर सांगा. हाडांची घनता मोजायची सोय जवळ नसेल तर त्यासाठी औषध अडवू नका. जेल महाग पडेल, गोळी त्या मानाने स्वस्त असते, तशी मागा. आणि कंबर दुखतेय म्हणालात, तर मणक्याचा साधा एक्स-रे काढाच. मोळ्या उचलणारी बाई आहे. दबलेला मणका असू शकतो.


खडूस काका

मुक्कामपोस्ट ताई, त्या बाईच्या तपासण्यांचा खर्च मी करतो. व्यनि केलाय. इथे यावर चर्चा नको.


रानजाई

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, कारण बऱ्याच जणींनी व्यनितून विचारलं, पुढे काय केलंत.

साध्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले, फी सहाशे. त्यांनी क्लिनिकचा रंगीत कागद उलटा ठेवून त्याच्या पाठीवर लिहायला घेतलं. माझ्या ३४ तपासण्यांत बीपी कुणी घेतलंच नव्हतं, ते निघालं १५०/९६. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.३, ते मात्र रिपोर्टात होतं. आठव्या पानावर, कारण इन्सुलिनचं पॅकेज त्यांच्याकडे नव्हतं बहुतेक. बाई म्हणाल्या, आधी बीपी आटोक्यात आणू, जेलचं दीड महिन्याने बोलू, तोवर आठवड्यातून तीन दिवस वजनं उचला. घरात पाच किलोची गव्हाच्या पिठाची पिशवी आहे, तीच उचलते. नवरा मोजतो आणि दर वेळी एक आकडा चुकवतो.

वाफा येतात अजून. गवतीचहा, जेल घेईन असं वाटतंय. तुम्ही जिंकलात असं मात्र समजू नका. मी रात्रीच्या झोपेसाठी घेईन, तरुण राहायला नाही.


गवतीचहा

झोप झालेली बाई तरुणच दिसते. बघा मग.


मुक्कामपोस्ट

कळवायचं राहिलं होतं. एक्स-रे काढला. कमरेच्या वरचा एक मणका दबलाय. डॉक्टरांनी गोळी सुरू केलीय, तिला सांगितलंय मोळी डोक्यावर घ्यायची नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला जिन्यात विचारलं, गोळ्या सहा महिन्यांच्या एकदम मिळतील का. टोळी दिवाळीनंतर निघते, यंदा कर्नाटकात जायचंय, तिकडे दवाखाना कुठं हुडकायचा. मुकादमाला मोळीचं मी बोलू का म्हटलं, तर नको म्हणाली. उचल घेऊन झालीय.